रिसेप्टर आहे, हार्मोन आहे, तरी पेशी गप्प का? या चुका टाळा

"सर, जीन टाकला, ब्लॉटवर पट्टी दिसते, हार्मोनही नवीन मागवला. मंग सिग्नल काऊन येत नाही?" आर्णी-घाटंजीकडच्या कॉलेजातून बी.एस्सी. करून नागपूरला एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला गेलेल्या पोरापोरींचा फोन आला की प्रश्न बहुतेक वेळा याच जातीचा असतो. (ब्लॉट म्हणजे प्रथिन तयार झालं का ते दाखवणारी चाचणी, आणि रिसेप्टर म्हणजे हार्मोन ओळखणारं प्रथिन.) उत्तर देण्याआधी मी उलट एकच विचारतो: रिसेप्टरच्या शेजारी पेशीपटलात कोण बसलंय, ते पाहिलं का?

बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. पेशीपटलात रिसेप्टरखेरीज काही लहान सहायक प्रथिनं असतात. हार्मोनचा निरोप ती स्वतः आत पोचवत नाहीत. पण रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागापर्यंत जाईल की आतच अडकेल, गेला तर कोणत्या हार्मोनला ओळखेल आणि किती जोरात प्रतिसाद देईल, हे पुष्कळदा तीच ठरवतात. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात त्यांना मिळाली तर एखादी ओळ मिळते, म्हणून पुढच्या चुका वर्षानुवर्षं होत राहतात. त्यातल्या काही प्रयोगशाळेतल्या आहेत, काही परीक्षेतल्या, आणि एक दवाखान्यातली. ती सगळ्यांत महागात पडते.

एक रिसेप्टर म्हणजे एक हार्मोन, असं धरून चालणं

अकरावीच्या पुस्तकातलं कुलूप-किल्लीचं चित्र डोक्यात इतकं पक्कं बसतं की एम.एस्सी.पर्यंत हलत नाही. ते हलवायला १९९८ सालचं एक काम मुळापासून समजून घ्यावं. ग्लॅक्सो वेलकम कंपनीतले मॅकलॅची, फोर्ड आणि त्यांचे सहकारी सीजीआरपी या हार्मोनचा रिसेप्टर शोधत होते. सीजीआरपी ३७ अमिनो आम्लांचा. कॅल्सिटोनिन या दुसऱ्या हार्मोनच्याच जनुकाचा आरएनए वेगळ्या तऱ्हेने कापला-जोडला गेला की तो तयार होतो. रक्तवाहिन्या रुंदावणं हे त्याचं ठळक काम, आणि अर्धशिशीच्या दुखण्यातही त्याचा मोठा हात.

त्यांनी मानवी चेतापेशींच्या अर्बुदातून आलेल्या पेशींचे आरएनए आफ्रिकन बेडकाच्या अंडपेशीत टाकले आणि कोणत्या आरएनएमुळे सीजीआरपीला प्रतिसाद येतो ते तपासत गेले. अपेक्षा होती ती पटलातून सात वेळा आरपार जाणाऱ्या नेहमीच्या रिसेप्टरची. हाती लागलं ते जेमतेम १४८ अमिनो आम्लांचं, पटलातून एकदाच जाणारं प्रथिन. एवढंसं प्रथिन एकट्याने रिसेप्टरचं काम करणं शक्य नव्हतं. ते अंडपेशीत आधीपासून असलेल्या रिसेप्टरला मदत करत होतं. त्याचं नाव रॅम्प-१ (रॅम्प म्हणजे रिसेप्टरचं काम बदलणारं प्रथिन). पाठोपाठ त्याची दोन भावंडंही सापडली, रॅम्प-२ आणि रॅम्प-३.

खरी गंमत यानंतरची. सीएलआर, म्हणजे कॅल्सिटोनिन रिसेप्टरसारखा दिसणारा रिसेप्टर, तोवर बिनवारशाचा होता. त्याचा हार्मोन कुणालाच पटेल असा सापडत नव्हता. त्याच्या जोडीला रॅम्प-१ दिलं की तो सीजीआरपीचा रिसेप्टर होतो. रॅम्प-२ किंवा रॅम्प-३ दिलं की तोच अ‍ॅड्रेनोमेड्युलिनचा होतो. हा ५२ अमिनो आम्लांचा हार्मोन १९९३ साली जपानमध्ये मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या एका अर्बुदातून वेगळा केला गेला होता. रिसेप्टरच्या जनुकात एका अक्षराचाही फरक नाही, फक्त जोडीदार बदलला.

कॅल्सिटोनिन रिसेप्टरचंही असंच आहे. एकटा असला की कॅल्सिटोनिनला उत्तर देतो, रॅम्प सोबत आलं की अमायलिनला. अमायलिन स्वादुपिंडाच्या बीटा पेशींतून इन्सुलिनबरोबरच बाहेर पडतो. डेटाबेसवर अमायलिन रिसेप्टरचा स्वतंत्र जीन हुडकण्यात मुलं तासन्‌तास घालवतात. तो सापडत नाही, कारण तो नाहीच. कॅल्सिटोनिन रिसेप्टर आणि रॅम्प यांची जोडी म्हणजेच अमायलिन रिसेप्टर.

इथे लगेच दुसऱ्या टोकाची चूक होते. जोड्यांचा तक्ता पाठ करायचा आणि प्रत्येक जोडीपुढे एकच हार्मोन लिहायचा. कॅल्सिटोनिन रिसेप्टर आणि रॅम्प-१ ही जोडी नावाने अमायलिनची असली तरी सीजीआरपीलाही जोरदार प्रतिसाद देते. त्यामुळे पेशीने सीजीआरपीला उत्तर दिलं, एवढ्यावरून तिथे सीएलआर असलाच पाहिजे असं लिहिलं तर परीक्षक पकडणार, आणि बरोबरच करणार.

ब्लॉटवर पट्टी दिसली म्हणजे रिसेप्टर पृष्ठभागावर आहे, असं मानणं

फोनवरच्या तक्रारींत ही चूक सगळ्यांत जास्त. अख्खी पेशी फोडून केलेला वेस्टर्न ब्लॉट प्रथिन तयार झालं एवढंच सांगतो, ते कुठे आहे हे सांगत नाही. सीएलआर एकटा असेल तर तो आतल्या जाळ्यात, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच अडकून राहतो. रॅम्प सोबत आलं की दोघं मिळून पृष्ठभागावर जातात. कॅल्सिटोनिन रिसेप्टरला मात्र वर जायला कुणाची सोबत लागत नाही. म्हणजे एकाच घराण्यातल्या दोन रिसेप्टरांना वेगवेगळे नियम लागू आहेत, आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

तपासायचं कसं? पेशीपटलाला छिद्रं न पाडता प्रतिपिंडाने रंगवून बघा. किंवा पृष्ठभागावरच्या प्रथिनांना बायोटिन लावून तेवढीच वेगळी काढा. ओळखीसाठी जोडलेला टॅग पेशीबाहेरच्या टोकाला हवा. त्यातही एक बारीक मेख आहे: सीएलआर आणि रॅम्प या दोघांच्याही सुरुवातीला एक संकेत-तुकडा असतो आणि प्रथिन तयार होताना तो कापून टाकला जातो. टॅग त्या तुकड्याच्या आधी लावला तर तुकड्यासोबत टॅगही जातो. मग "प्रथिनच बनलं नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि बिचाऱ्या प्लास्मिडला (जीन पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या कड्याला) दोष मिळतो. प्लास्मिड मागवण्याआधी टॅग नेमका कुठे आहे ते नकाशावर बोट ठेवून बघा.

पेशी निवडताना तिच्या आत काय आहे ते न बघणं

अधिवृक्क ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला सांगणारा हार्मोन म्हणजे एसीटीएच. त्याच्या रिसेप्टरचा, एमसी२आरचा जनुक १९९२ मध्येच हाती आला होता. पण नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या पेशींत तो टाकला की काही घडायचंच नाही. अधिवृक्क ग्रंथीतून आलेल्या पेशींत टाकला तर मात्र चालायचा. एक तपाहून जास्त काळ हे कोडं तसंच राहिलं. २००५ मध्ये मेथरेल आणि सहकाऱ्यांनी ज्यांची अधिवृक्क ग्रंथी एसीटीएचला दाद देत नव्हती अशा कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींत एमसी२आर ठणठणीत होता आणि बिघाड एका वेगळ्याच लहान प्रथिनात होता. ते एमरॅप. ते नसेल तर एमसी२आर पृष्ठभागावर जात नाही आणि एसीटीएचला उत्तरही देत नाही. अधिवृक्क पेशींत ते आधीपासून असतं, म्हणून तिथे प्रयोग जमायचा. हे प्रथिन चरबीच्या पेशींत आधीच दिसलेलंही होतं, फक्त त्याचं काम कुणाला ठाऊक नव्हतं.

यातून घ्यायचं ते इतकंच: "या पेशीत चाललं, त्या पेशीत नाही" हा निकाल फेकून देऊ नका. बहुधा सगळ्यांत मोलाची माहिती त्यातच असते.

उलटी फसगतही होते. पेशीत तिचं स्वतःचं थोडं रॅम्प असेल आणि तुम्ही नुसता कॅल्सिटोनिन रिसेप्टर टाकला, तर थोडे सुटे रिसेप्टर आणि थोडे जोडीतले अशी खिचडी तयार होते. मग आलेख कुठल्याच हार्मोनशी नीट जुळत नाही. कॉस-७ (माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या) पेशी या कामात इतक्या वापरल्या जातात त्या याच कारणाने, त्यांत या कुटुंबातली स्वतःची प्रथिनं नगण्य असतात. तिथेही रॅम्प मुद्दाम टाकलं तरी काही कॅल्सिटोनिन रिसेप्टर सुटे राहतातच. अमायलिन रिसेप्टरच्या प्रयोगात कॅल्सिटोनिनचा प्रतिसाद पुरता मावळला नाही म्हणून घाबरू नका. नुसता रिसेप्टर, नुसतं रॅम्प, दोन्ही, आणि रिकामं प्लास्मिड, असे चारही गट त्याच दिवशी, त्याच पेशींवर करा. चौथा गट वाचवून पैसे वाचत नाहीत, अख्खा प्रयोग पुन्हा करावा लागतो.

अंग काळवंडलं की उन्हावर ढकलणं

ही दवाखान्यातली चूक, आणि विदर्भात ती व्हायला कारणही आहे. चंद्रपूर-यवतमाळच्या एप्रिल-मेच्या उन्हात पोट्टं खेळलं तर रापणारच, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण एमसी२आर किंवा एमरॅप बिघडलं की अधिवृक्क ग्रंथी एसीटीएचचं ऐकत नाही, कॉर्टिसॉल घटतं, आणि मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी एसीटीएच वाढवतच नेते. हे जादा एसीटीएच त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतं. म्हणून मूल काळवंडतं, आणि ते फक्त उघड्या अंगावर नाही. हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुन्या जखमांचे व्रण, कपड्याखालचा भाग, सगळीकडे. ऊन हिरड्यांना रापवत नाही, एवढी एक गोष्ट आशाताईंनी आणि उपकेंद्रातल्या सिस्टरने लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं.

सोबतीला रक्तातली साखर एकाएकी उतरते. बाळ निपचित पडतं, झटका येतो. घरचे त्याला मिरगी म्हणतात किंवा बाहेरचं काही झालं असं समजून भलतीकडेच नेतात. साध्या तापाने मूल नको तितकं खचतं. काळवंडलेलं अंग आणि साखर उतरून आलेला झटका एकाच मुलात दिसले तर सकाळचं कॉर्टिसॉल आणि एसीटीएच तपासायला उशीर करू नये. क्षारांचा तोल बहुधा ठीक असतो, कारण क्षार सांभाळणाऱ्या अल्डोस्टेरॉन या हार्मोनची सूत्रं मुख्यतः मूत्रपिंडाकडून हलतात, एसीटीएचकडून नाही. म्हणून नुसतं सोडियम-पोटॅशियम नॉर्मल आलं म्हणून अधिवृक्क ग्रंथीला निर्दोष सोडायचं नाही.

तपासणीतली चूक तर अगदी आपल्या रस्त्यांवरची आहे. एसीटीएच फार नाजूक. नमुना ईडीटीएच्या नळीत घ्यायचा, लगेच बर्फात ठेवायचा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये लवकर फिरवून प्लाझ्मा गोठवायचा. तालुक्याला रक्त काढून ते भर दुपारी बर्फाशिवाय जिल्ह्याच्या गाडीने पाठवलं, तर पोचेपर्यंत हार्मोन मोडून गेलेला असतो. आकडा खोटाच कमी येतो आणि दोष अधिवृक्क ग्रंथीऐवजी पीयूषिकेच्या माथी बसतो. त्यापेक्षा मुलालाच सकाळी प्रयोगशाळेत नेणं बरं, दगदग झाली तरी.

जनुकीय तपासणीत फक्त एमसी२आर बघून "सगळं नॉर्मल" म्हणत थांबणं ही पुढची चूक. एमरॅप बघायलाच हवं. २०१२ नंतर एनएनटी हे जनुकही या यादीत आलं आहे. आजार अप्रभावी वारशाचा आहे: आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल असलेल्या घरांत दोघंही वाहक असण्याचा संभव वाढतो. हे कुणाला दूषण म्हणून नाही, पण पहिलं मूल असंच गेलं असेल तर डॉक्टरांना ते नातं सांगावं, लपवू नये. निदान झालं तर उपचार तोंडाने घ्यायच्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीचा आहे. ती गोळी कधीही अचानक बंद करायची नाही. ताप किंवा उलट्या झाल्या तर किती वाढवायची हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद शाळेच्या दप्तरातही ठेवा.

एकदा मदतनीस तो सगळीकडे मदतनीस, असं समजणं

एमरॅप एमसी२आरला पृष्ठभागावर नेतं. तेच एमरॅप त्याच कुटुंबातल्या एमसी५आरला मात्र आत अडवून धरतं. म्हणून सहायक प्रथिन टाकल्यावर प्रतिसाद कमी झाला तर प्रयोग फसला असं लगेच म्हणू नका. एमरॅप-२ हे त्याचं नातलग, मेंदूत आढळणारं. ते काढून टाकलेले उंदीर लठ्ठ होतात, हे २०१३ मध्ये दिसलं, आणि त्यात भूक आवरणाऱ्या एमसी४आरचा संबंध आहे. पण एमसी२आरच्या मदतीला एमरॅपऐवजी एमरॅप-२ टाकून काम भागेल असं समजू नये. त्याने रिसेप्टर वर येतो, तरी एसीटीएचला प्रतिसाद जेमतेमच.

एमरॅपची आणखी एक तऱ्हा मुलांना चक्रावते. त्याचे दोन रेणू एकमेकांच्या उलट दिशेने जोडी करून पटलात बसतात, एकाचं सुरुवातीचं टोक बाहेर तर दुसऱ्याचं आत. त्यामुळे टॅग कुठल्याही टोकाला लावा, तो पृष्ठभागावर दिसतोच. हे पाहून आपली प्रतिपिंडं गळतायत असं ठरवू नका. प्रथिनच तसं आहे. रॅम्प मात्र सरळ बसतं: मोठं टोक बाहेर, शेपूट आत, आणि तीही आखूड.

रॅम्पचं कार्यक्षेत्रही सीएलआरपुरतं नाही. कॅल्शियम ओळखणाऱ्या रिसेप्टरला पृष्ठभागावर न्यायला रॅम्प-१ आणि रॅम्प-३ मदत करतात, आणि तो तर वेगळ्याच वर्गातला. तीन रॅम्प एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत हे उंदरांनीच दाखवलं: रॅम्प-२ नसलेली पिल्लं रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या नीट न घडल्याने गर्भातच मरतात. रॅम्प-१ किंवा रॅम्प-३ नसलेली जगतात.

उंदरावर चाललं नाही म्हणून औषध बाद करणं

आपल्याकडे फार्मसी कॉलेजं भरपूर आणि प्रयोग बहुतेक पांढऱ्या उंदरांवर, म्हणून हे सांगतो. सीजीआरपी रिसेप्टर अडवणारं ओल्सेजेपंट हे संयुग मानवी रिसेप्टरला उंदराच्या रिसेप्टरपेक्षा शंभरपटीहून जास्त घट्ट बसतं. कारण शोधलं तेव्हा फरक मुख्य रिसेप्टरमध्ये नव्हता, रॅम्प-१ मध्ये होता. ७४ क्रमांकाच्या जागी माणसात ट्रिप्टोफॅन आहे, उंदरात लायसिन. उंदराच्या रॅम्पमध्ये तेवढं एक अमिनो आम्ल बदललं की औषध माणसासारखं घट्ट बसायला लागतं. प्राणी निवडण्याआधी दोन्ही प्रजातींच्या मुख्य रिसेप्टरचीच नव्हे, तर सहायक प्रथिनाचीही क्रमवारी शेजारी ठेवून बघा. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवर ती फुकट मिळते आणि मोबाइलच्या डेटावरही उघडते.

अर्धशिशीच्या नव्या औषधांबद्दल वाचताना "सगळी सीजीआरपीचीच" म्हणून एकाच खणात टाकू नका. मे २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एरेन्युमॅब हे प्रतिपिंड सीएलआर आणि रॅम्प-१ च्या जोडीला धरतं. त्याच वर्षी आलेली फ्रेमानेझुमॅब आणि गॅल्कानेझुमॅब खुद्द हार्मोनला धरतात, रिसेप्टरला हातही लावत नाहीत.

रिसेप्टरला दोष देण्याआधी

पेशींवर फॉर्स्कोलिन टाकून बघा. ते रिसेप्टरला वगळून सरळ सीएएमपी (पेशीच्या आत निरोप पुढे नेणारा रेणू) वाढवतं. त्यालाही प्रतिसाद नसेल तर पेशी किंवा मोजणीचं किट बिघडलंय, रॅम्पचा शोध थांबवा. सीएएमपी मोजताना ते मोडणाऱ्या विकराला रोखणारं संयुग घालायचं राहिलं तर आलेला सिग्नलही मोजायच्या आत विरतो.

हार्मोनचं द्रावण तपासा. अ‍ॅड्रेनोमेड्युलिन प्लॅस्टिकला चिकटतं. द्रावणात थोडं अल्ब्युमिन नसेल तर नळीवर लिहिलेली मात्रा आणि पेशींना मिळालेली मात्रा यांत बरंच अंतर पडतं. आणि लोडशेडिंग! उन्हाळ्यात फ्रीझरची वीज गेली, पेप्टाइड वितळलं, पुन्हा गोठलं, आणि वही कोरी राहिली. पेप्टाइड आल्याबरोबर लहान लहान हिश्श्यांत वाटून ठेवा, आणि वीज गेल्याची नोंद फ्रीझरच्या दारावरच करा, म्हणजे पुढचा माणूस आठवडाभर विनाकारण घाम गाळणार नाही.

परीक्षेत मार्क घालवणाऱ्या किरकोळ गोष्टी

रॅम्प-४ या कुटुंबातलं नाही. ते रायबोसोमशी निगडित वेगळंच प्रथिन आहे, नावापुरतं जुळणारं. गुगलवर शोधताना ते हटकून मध्ये येतं आणि नेट-सेटच्या नोट्समध्येही घुसलेलं मी पाहिलंय. आरसीपी हे प्रथिन सीएलआरला जी-प्रथिनाशी (निरोप पेशीच्या आत पुढे नेणाऱ्या प्रथिनाशी) जोडायला मदत करतं. पण ते पटलाच्या आतल्या बाजूला असतं, आरपार जात नाही, म्हणून त्याला रॅम्प म्हणू नये. हाडांतून येणारा एफजीएफ-२३ हा हार्मोन मूत्रपिंडाला निरोप देतो तेव्हा त्याला नुसता एफजीएफ रिसेप्टर पुरत नाही, क्लोथो हे सहायक प्रथिन लागतं. क्लोथोचा शोध १९९७ चा, हे काम उमगलं २००६ मध्ये. आणि इन्हिबिन हा हार्मोन अ‍ॅक्टिव्हिन या दुसऱ्या हार्मोनला कसं रोखतो असा प्रश्न आला तर उत्तरात बीटाग्लायकन हे सहायक प्रथिन लिहायला विसरू नका.